चार आठवड्यांच्या पिल्लासाठी काय घ्यावे: दूध, लिटर, खाद्य आणि दवाखाना यांचे परीक्षण

मांजराच्या पिल्लासाठी म्हणून दुकानांत जे विकले जाते, त्यातील बरेचसे मोठ्या मांजरांसाठी तयार केलेले असते. वेष्टनावर पिल्लाचे चित्र ठळक असते, मात्र ती वस्तू किती आठवड्यांच्या किंवा किती वजनाच्या पिल्लाला चालते हे मागच्या बाजूस बारीक अक्षरांत छापलेले असते आणि पुष्कळदा छापलेलेच नसते. पावसाळ्याच्या तोंडावर पुण्यातील आमच्या तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत आईविना राहिलेले, सुमारे चार आठवड्यांचे एक पिल्लू आले. ते पाच महिन्यांचे होईपर्यंत दूध, लिटर (म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी ट्रेमध्ये घालायचे दाणे), खाद्य, ने-आण करण्याचा पिंजरा आणि दवाखाना या सर्वांची निवड टप्प्याटप्प्याने करावी लागली आणि प्रत्येक वेळी असे दिसून आले की मोठ्या मांजराला उत्तम असणारी वस्तू चार आठवड्यांच्या पिल्लाला थेट अपायकारक ठरू शकते. म्हणून या परीक्षणात किंमत, टिकाऊपणा आणि सोय यांचा विचार केला असला, तरी पहिली कसोटी पिल्लाचे वय आणि वजन हीच ठेवली आहे.

सर्वांत उपयोगी ठरलेली वस्तू पाळीव प्राण्यांच्या दुकानातली नाही. ती आहे स्वयंपाकघरात वापरला जाणारा, एक-एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा. पिल्लू जन्मतः साधारण १०० ग्रॅमचे असते, पहिल्या काही आठवड्यांत रोज १० ते १५ ग्रॅमने वाढते आणि पुढचे काही महिने, वयाच्या दर महिन्यामागे सुमारे ४५० ग्रॅम, असा ढोबळ हिशेब बसतो. काट्यावर खोलगट वाडगा ठेवून आकडा शून्यावर आणायचा, वाडग्यात रुमाल घालून पिल्लाला बसवायचे आणि रोज ठरावीक वेळी, खाण्यापूर्वी, वजन वहीत टिपायचे. पिल्लू आजारी पडू लागले की ते मलूल दिसण्याच्या आधी पुष्कळदा त्याचे वजन वाढायचे थांबते, त्यामुळे दवाखान्यात कधी जायचे हे ठरवण्यास ही वही फार उपयोगी पडते. दुधाचे प्रमाण आणि जंताच्या औषधाची मात्राही वजनावरच ठरते. ज्यांना एकच वस्तू विकत घेणे शक्य आहे, त्यांनी गादी किंवा खेळणी बाजूला ठेवून आधी हा काटा घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुधाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्या घरांत मांजर आले की बशीत दूध ओतणे हे ओघानेच येते. गाईच्या दुधात प्रथिने सुमारे सव्वातीन टक्के असतात, तर मांजरीच्या दुधात ती त्याच्या दुपटीहून अधिक असतात आणि स्निग्धांशही बराच जास्त असतो. गाईच्या दुधावर ठेवलेले पिल्लू पोटभर पिऊनही उपाशीच राहते. शिवाय त्याला जुलाब होतात, आणि चारशे ग्रॅमच्या जिवाच्या शरीरातील पाणी एका दिवसात धोकादायक पातळीपर्यंत कमी होऊ शकते. म्हशीचे दूध दाट असते म्हणून ते चालेल, असे सांगणारेही भेटले, परंतु तेही मांजरीच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही. पिल्लांसाठी बनवलेली दूधभुकटी हाच खात्रीचा मार्ग आहे. पशुवैद्यांकडून पेटएजीचे 'केएमआर' आणि रॉयल कॅनिनचे 'बेबीकॅट मिल्क' ही नावे प्रामुख्याने ऐकू येतात. आम्ही यांपैकी दुसरे, म्हणजे 'बेबीकॅट मिल्क', वापरले. भुकटी कोमट पाण्यात गुठळ्या न होता मिसळते आणि मापाचा चमचा सोबत मिळत असल्याने प्रमाण चुकत नाही. पिल्लाने ते पहिल्याच दिवशी स्वीकारले आणि शीही बांधून होऊ लागली. किंमत भारी वाटते, हे खरे. तथापि चार आठवड्यांच्या पिल्लाला ती काही आठवडेच लागते, त्यानंतर दुधाची गरज संपते, हा हिशेब लक्षात घेता तो खर्च योग्य वाटला.

दूध पाजण्याच्या बाटलीबाबत मात्र बाजारात चांगल्या-वाईटाची मोठी सरमिसळ आहे. स्वतंत्रपणे घेतलेल्या एका संचातील बुचाला छिद्रच नव्हते, तर दुसऱ्या संचातील छिद्र इतके मोठे होते की बाटली उलटी करताच धार लागत होती. अशी धार पिल्लाच्या श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याची भीती असते. बाटली घरी आणल्यावर तिच्यात पाणी भरून ती उलटी धरावी. पाणी थेंबाथेंबाने, किंचित दाबल्यावर यावे. छिद्र नसेल तर तापवलेल्या सुईने बारीकसे पाडून घेता येते, मोठे असेल तर ते बूच टाकून द्यावे. पिल्लाला माणसाच्या बाळाप्रमाणे उताणे झोपवून दूध पाजू नये. ते पोटावर, मान किंचित वर, अशा स्थितीत असावे, जसे ते आईजवळ पिताना असते. एका वेळी शरीराच्या दर १०० ग्रॅम वजनामागे सुमारे ४ मिलिलीटर यापेक्षा अधिक देण्याचा आग्रह धरू नये, कारण त्याच्या जठरात त्याहून फारसे मावत नाही. कालवलेले दूध शीतकपाटात २४ तासांपर्यंतच ठेवावे आणि देताना बाटली कोमट पाण्यात धरून अंगाच्या तापमानाइतके ऊबदार करावे. तीन आठवड्यांहून लहान पिल्लू मिळाले, तर प्रत्येक वेळी ओल्या कापसाने हळुवार पुसून त्याला शी-शू करवावी लागते, कारण त्या वयात ते स्वतःहून होत नाही. त्या कामासाठी म्हणून विकले जाणारे सुगंधी ओले रुमाल घेऊ नयेत, कोमट पाण्यात भिजवलेला साधा कापूस पुरतो.

आता लिटर. या एका बाबतीत दुकानदाराचा सल्ला आणि पिल्लाचे हित यांत सर्वाधिक अंतर आढळले. मांजरासाठी वाळू किंवा राख ठेवण्याची पद्धत जुनीच आहे. मातीचे लिटर पाकिटातून विकण्याची सुरुवात अमेरिकेतील मिशिगन राज्यात एडवर्ड लो यांनी १९४७ मध्ये केली आणि ओले झाल्यावर गोळा बनणारे बेंटोनाइट मातीचे लिटर १९८० च्या दशकात आले. आपल्याकडे बेंटोनाइटचे मोठे साठे गुजरातेत कच्छ भागात आहेत, त्यामुळे देशी बनावटीचे हे लिटर सहज आणि तुलनेने स्वस्तात मिळते. मोठ्या मांजरासाठी ते खरोखरच चांगले आहे. लघवीचा घट्ट गोळा होतो, तो झाऱ्यासारख्या जाळीच्या चमच्याने उचलता येतो आणि उरलेली माती कोरडी राहते.

परंतु ज्या गुणामुळे ते चांगले, तोच गुण पिल्लाच्या बाबतीत घातक आहे. या वयाचे पिल्लू नवी वस्तू तोंडात घालून ओळखते. ट्रेमध्ये ठेवल्यावर आमच्या पिल्लाने पहिली गोष्ट केली ती दाणे हुंगून एक दाणा चघळण्याची. बेंटोनाइट पाण्याने अनेक पटींनी फुगते, ते पोटात गेल्यास आतड्यात अडकण्याचा धोका असतो. दाणे गिळले नाहीत तरी ओल्या पंजांच्या बोटांमध्ये त्याचा राखाडी चिखल बसतो, सुकून कडक होतो आणि पिल्लू तो चाटून काढू पाहते. म्हणूनच तीन-चार महिन्यांपर्यंत गोळा न होणारे लिटर वापरावे, असे पशुवैद्य सांगतात. आम्ही त्या काळात लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या कांड्या वापरल्या. लघवी पडली की कांडीचा पुन्हा भुसा होतो, तो खाली बसतो आणि वास बऱ्यापैकी शोषला जातो. पिल्लाने एखादी कांडी चघळली तरी ती फुगून दगड होत नाही. या प्रकारात दोन उणिवा आहेत. हलक्या पावलांना कांड्या टोचतात, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस काही पिल्ले ट्रेच्या कडेवरच उभी राहतात, त्यावर उपाय म्हणून मूठभर कांड्या ओल्या करून आधीच भुसा करून ठेवावा. दुसरे म्हणजे भुसा पायांना लागून घरभर जातो, ट्रेखाली जुने पायपुसणे घातल्यास तो बराचसा तेथेच राहतो.

सोयाबीनच्या चोथ्यापासून बनवलेले, दुकानांत 'तोफू लिटर' म्हणून मिळणारे दाणे सध्या लोकप्रिय आहेत. धूळ जवळजवळ नाही, पंजांना मऊ, गोळा नीट होतो. किंमत मात्र बेंटोनाइटच्या दुपटीहून अधिक, आणि पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात त्याची एक अडचण आहे जी विकणारे सांगत नाहीत: उघडे राहिलेले पाकीट दमट हवेत सादळते, त्याला आंबूस वास येतो आणि बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले तर ते टिकते. पिल्लू साडेचार महिन्यांचे झाल्यावर आम्ही हेच घेतले आणि आजही तेच वापरतो. लॅव्हेंडर, लिंबू वगैरे सुगंध घातलेले कोणतेही लिटर घेऊ नये. तो सुगंध माणसांसाठी असतो, तर मांजर तीव्र वासाच्या ट्रेकडे पाठ फिरवते आणि सतरंजीचा कोपरा शोधते. 'शौचालयात टाकता येते' असे छापलेले असले तरी ते तेथे टाकू नये. नळ तुंबतात, शिवाय मांजराच्या विष्ठेतून जाऊ शकणारे टोक्सोप्लाझ्माचे जंतू सांडपाण्याच्या प्रक्रियेत सहजासहजी मरत नाहीत. याच टोक्सोप्लाझ्माच्या धास्तीने घरात गरोदर स्त्री असल्यास पिल्लू बाहेर सोडून देण्याचे सल्ले दिले जातात, ते अनाठायी आहेत. विष्ठेतील हे जंतू संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, त्यामुळे ट्रे रोज साफ केला, ते काम घरातील दुसऱ्या कोणी केले आणि पिल्लाला कच्चे मांस दिले नाही, तर धोका फारच कमी राहतो.

खुद्द ट्रेबद्दल एवढेच की झाकणाचे, दार असलेले, घराच्या आकाराचे महागडे ट्रे या वयात निरुपयोगी आहेत. पिल्लाला उंच कड ओलांडता येत नाही. रोपवाटिकेत मोठ्या कुंडीखाली ठेवायची जी पसरट प्लास्टिकची ताटली मिळते, तिची कड दोन इंचांच्या आसपास असते आणि ती सर्व दृष्टींनी सरस ठरली. पुढे पिल्लू मोठे झाल्यावर साध्या प्लास्टिकच्या घमेल्यानेही काम भागते.

खाद्याच्या बाबतीत प्रथम हे मान्य करावे लागते की मांजर पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. दूधपोळी, दहीभात, वरणभात यांवर आपल्याकडे मांजरे जगलेली दिसतात, परंतु ती बाहेर उंदीर, सरडे आणि पक्षी खाऊन स्वतःची गरज भागवत असतात. बंद सदनिकेतील पिल्लाला तो मार्ग नसतो. टॉरिन हा घटक मांजराच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांसातूनच मिळतो, आणि त्याच्या अभावी डोळ्यांतील दृष्टिपटल खराब होते व हृदयाचे स्नायू कमकुवत होतात. हृदयविकाराशी असलेला हा संबंध १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाला आणि त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातील टॉरिनचे प्रमाण वाढवले. ज्या घरांत मांस-मासे शिजत नाहीत, त्यांना पाकिटबंद खाद्य हा त्यामुळे मोठाच आधार आहे, कारण आपल्या स्वयंपाकघराचा नियम न मोडता पिल्लाची गरज भागवता येते. ज्या घरांत शिजते, तेथेही नुसते उकडलेले चिकन पुरेसे नाही, त्यात कॅल्शियम जवळजवळ नसते आणि वाढत्या हाडांना ते हवे असते. खारवलेली सुकट किंवा बोंबील कौतुकाने घातले जातात, तेही पिल्लासाठी टाळलेले बरे, त्यांतील मीठ फार होते.

पाकीट घेताना दोन गोष्टी वाचाव्यात: ते वाढीच्या वयासाठी 'संपूर्ण आहार' आहे की केवळ 'पूरक', आणि त्यावर वय दिले आहे का. या कसोटीवर रॉयल कॅनिनचे 'मदर अँड बेबीकॅट' चांगले उतरते, कारण ते एक ते चार महिन्यांच्या पिल्लांसाठी आहे असे त्यावर स्पष्ट लिहिलेले असते. त्याचा डबाबंद प्रकार लोण्यासारखा मऊ असल्याने दूध सोडवण्याच्या काळात फार उपयोगी पडला. बोटावर थोडेसे घेऊन ओठाला लावले की पिल्लू ते चाटते आणि मग बशीकडे वळते. व्हिस्कासची पिल्लांसाठीची ओली पाकिटे दोन ते बारा महिने या वयासाठी असतात, ती त्याहून स्वस्त आहेत आणि दोन महिन्यांनंतर कोरड्या खाद्यासोबत चालतात. कोरडे दाणे सुरुवातीला कोमट पाण्यात वीस मिनिटे भिजवून, बोटाने दाबल्यावर पूर्ण मऊ लागतील असे करून द्यावेत.

येथे एका सर्रास चालणाऱ्या प्रकाराविषयी तक्रार नोंदवणे भाग आहे. आमच्या भागातील काही दुकानांत कोरडे खाद्य मोठ्या पोत्यातून काढून, साध्या पारदर्शक पिशवीत भरून सुटे, किलोच्या भावाने विकले जाते. ते स्वस्त पडते, परंतु त्या पिशवीवर नाव, घटक किंवा मुदत यांपैकी काहीच नसते. पोते कधी उघडले हे कोणी सांगू शकत नाही आणि पावसाळ्यात त्यातील चरबीला खवट वास येतो. अशी एक पिशवी आम्ही परत केली. लहान पाकीट महाग पडले तरी तेच घ्यावे, कारण नाजूक पोटाच्या पिल्लावर हा प्रयोग करण्यासारखा नाही.

ने-आण करण्यासाठी पाठीवर लावायची, पारदर्शक घुमटाची पिशवी दिसायला आकर्षक असते, मात्र तिच्यात हवा कमी खेळते आणि उन्हात ती आतून तापते. वरचा भाग उघडणारा कडक प्लास्टिकचा पिंजरा घ्यावा. तपासणीच्या वेळी घाबरलेल्या पिल्लाला दारातून ओढून काढावे लागत नाही, झाकण उचलले की डॉक्टर त्याला आत बसल्याबसल्याच तपासू शकतात. पिंजरा घरात एरवीही उघडा ठेवल्याने आमचे पिल्लू त्यातच झोपू लागले आणि वेगळ्या गादीची गरजच राहिली नाही. खेळण्यांत दोरी, लोकर आणि रबरबँड वगळून काहीही चालते, कागदाचा बोळा त्यांत सर्वांत आवडता.

पशुवैद्यकीय सेवेची निवड ही सर्व वस्तूंपेक्षा महत्त्वाची आहे. पहिल्या दवाखान्यात कुत्री आणि मांजरे एकाच लहान खोलीत बसवली होती, पिल्लाचे वजन न करताच जंताच्या औषधाची बाटली हाती देण्यात आली आणि 'रोज थोडे द्या' असे सांगण्यात आले. आम्ही ते औषध न देता दुसरा दवाखाना शोधला. तेथे मांजरांसाठी दुपारची वेगळी वेळ आहे. डॉक्टरांनी आधी वजन केले, हिरड्यांचा रंग पाहिला, गुदद्वाराशी थर्मामीटर लावून ताप पाहिला आणि वजनानुसार मात्रा सुई काढलेल्या सिरिंजमध्ये भरून स्वतः पाजली. गोल जंत आईच्या दुधातूनही पिल्लाच्या पोटात जातात, म्हणून लहान वयात दर दोन आठवड्यांनी औषध द्यावे लागते, हे त्यांनी समजावून सांगितले. तीन रोगांवरची एकत्रित लस पहिल्यांदा आठव्या आठवड्यात, नंतर चार-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत, आणि रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, असे वेळापत्रक लिहून मिळाले, आणि प्रत्येक लसीच्या कुपीवरील चिठ्ठी पुस्तिकेत चिकटवून तारीख व सही केली गेली. ही चिठ्ठी मागून घ्यावी, तिच्याशिवाय लस कोणती आणि कोणत्या तुकडीतील हे नंतर कळत नाही. त्या तीन रोगांपैकी पॅनल्यूकोपेनिया हा लहान पिल्लांना फार वेगाने मारणारा रोग आहे आणि त्याचा विषाणू जमिनीवर वर्षभरही टिकू शकतो, म्हणून पूर्ण लसीकरण होईपर्यंत पिल्लाला इतर मांजरांत मिसळू देऊ नये आणि बाहेरच्या चपला दाराबाहेरच ठेवाव्यात. पुणे महानगरपालिकेने २०२२ मध्ये मांजरांचीही नोंदणी सुरू केली असून तिच्यासाठी रेबीज लसीचे प्रमाणपत्र लागते, ते याच दवाखान्याने न मागता दिले.

आता ज्या वस्तू घरात असूच नयेत त्यांविषयी. पिसवांसाठी कुत्र्यांकरिता विकल्या जाणाऱ्या पावडरी आणि थेंब यांत पुष्कळदा परमेथ्रिन असते, ते मांजरासाठी विष आहे. आठ आठवड्यांखालील पिल्लाच्या पिसवा उवांच्या बारीक फणीने काढाव्यात, फणी साबणाच्या पाण्यात बुडवत राहावे आणि अंग ओले झाले तर लगेच कोरडे करावे. फिनेल आणि तत्सम जंतुनाशके मांजराचे यकृत हाताळू शकत नाही, आणि फरशीवरून चालून आलेले पिल्लू पंजे चाटतेच. आम्ही फरशीसाठी ३२ भाग पाण्यात एक भाग ब्लीच वापरतो, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसतो आणि फरशी वाळेपर्यंत पिल्लाला दुसऱ्या खोलीत ठेवतो. डांबरगोळ्या कपाटातून काढाव्यात आणि फुलदाणीत लिली ठेवू नये, तिचे परागकण चाटल्यानेही मांजराचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. पॅरासिटामॉलची गोळी तापासाठी देण्याचा विचारही करू नये, ती मांजराच्या जिवावर बेतते.

शेवटची खरेदी गॅलरीच्या जाळीची. कबुतरांसाठी बसवतात तीच नायलॉनची जाळी कामाला येते, परंतु तिच्या प्रत्येक चौकोनातून कबूतर जात नसले तरी लहान पिल्लाचे डोके जाऊ शकते, आणि डोके गेले की उरलेले शरीरही जाते. बसवणाऱ्याकडून नमुन्याचा तुकडा मागवून चौकोन मोजून घ्यावा, आणि शक्य तेवढ्या बारीक चौकोनाची जाळी निवडावी. खालच्या कडेला हुकांमध्ये ठेवतात ते वीतभर अंतर पिल्लासाठी फार आहे, ते चार बोटांवर आणायला सांगावे. आमच्याकडे आलेल्या कारागिराने जास्तीचे हुक त्याच दरात लावून दिले आणि रेलिंगच्या कोपऱ्यात जेथे जाळी सैल पडत होती, तेथे तार ओढून ती ताणून दिली.